आयफोन 15 की गॅलॅक्सी एस 24? मराठवाड्यात वापरायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे: परभणीला कॉलेजात आहात, सुट्टीत गावाकडं शेतात असता, वडील सोयाबीन विकून एकदाच फोन घेऊन देणार आहेत आणि पुढची पाच-सहा वर्षं तोच वापरायचाय. आयफोन 15 घ्यावा का सॅमसंगचा गॅलॅक्सी एस 24?

तुमच्यासाठी एस 24. अंबाजोगाईत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन्ही फोन टेबलावर येत असतात. आयफोन वाईट म्हणून मी हे सांगत नाही. तुमचा वापर बघून सांगतोय.

आधी पैशाचं बोलू. बाजारात आला तेव्हा 128 जीबीचा आयफोन 15 होता 79,900 रुपयांना आणि 256 जीबीचा एस 24 होता 79,999 ला. 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. म्हणजे हमीभावानं धरलं तरी सोळा क्विंटलच्या वर माल झाला, आणि मोंढ्यात बहुतेकांना तेवढा भावही मिळाला नाही. आता दोन्ही फोन बरेच उतरलेत. तरी वडिलांचा हा पैसा लहान नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेमरी कार्ड दोन्हीत बसत नाही, तेव्हा जागा किती लागेल ते घेतानाच ठरवा. सहा वर्षांसाठी 128 जीबी मला कमी वाटतं.

बहुतेक लोक कॅमेऱ्यावरून भांडतात. मी सिमपासून सुरुवात करीन. आपल्याकडं मिळणाऱ्या आयफोन 15 मध्ये प्रत्यक्ष सिम एकच बसतं, दुसरं नेटवर्क हवं असेल तर ई-सिम, म्हणजे कार्ड न टाकता फोनमध्येच चालू होणारं सिम, घ्यावं लागतं. एस 24 मध्ये दोन सिम बसतात, शिवाय ई-सिमची सोय आहेच. शहरात याचं काही वाटत नाही. पण गावात एका कंपनीची रेंज आणि शेतात दुसऱ्याची, हे आपल्याकडं नेहमीचं. फोन फुटला, बंद पडला, तर साधं सिम काढून घरातल्या बटणाच्या फोनमध्ये टाकता येतं आणि बँकेचा ओटीपी चालू राहतो. ई-सिम असं काढून देता येत नाही, ते दुसऱ्या फोनवर घ्यायचं तर त्या फोनमध्येही ई-सिम चालावं लागतं. ऐन पेरणीत पैसे अडकले की हा फरक कळतो.

कॉल रेकॉर्डिंगही बघा. सॅमसंगच्या भारतातल्या फोनमध्ये ते कंपनीच्याच डायलरमध्ये असतं, गुपचूप चालतं. आयफोनमध्ये ते आयओएस 18.1 (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम) पासून आलं, पण सुरू केलं की दोन्ही बाजूंना तशी सूचना ऐकू येते. आडत्याशी भाव फोनवर ठरत असेल तर वडिलांना हे कामाचं आहे. समोरच्याला सांगूनच रेकॉर्ड करावं असं माझं मत, पण सोय हाताशी असावी.

आता ऊन. दोन्ही कंपन्या फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरा म्हणतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतही त्याच्या वर असतं. फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी स्क्रीन अंधूक करतो, चार्जिंग थांबवतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करतो. कागदावर एस 24 ची स्क्रीन 2,600 निट्सपर्यंत (निट्स म्हणजे उजेडाचं माप) उजळते आणि आयफोन 15 ची उन्हात 2,000 पर्यंत. बांधावर थोडा वेळ उभं राहून पिकाचे फोटो काढले की हा फरक जाणवेनासा होतो. भारतात सुरुवातीला आलेल्या एस 24 मध्ये सॅमसंगचीच एक्सिनॉस 2400 चिप आहे, गेम जास्त खेळलात तर तोही चांगलाच तापतो. थोडक्यात, उन्हाच्या बाबतीत कुणालाच जास्त मार्क देत नाही. बॅटरीत मात्र एस 24 पुढं: 4,000 एमएएच, आयफोनची 3,349. रेंज कमी असली की फोन टॉवर धरायला जास्त ताकद लावतो, त्यामुळं शेतात बॅटरी पटकन उतरते. कोणताही घ्या, चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय दोन्हीत आहे, उन्हाळाभर ती चालू ठेवा.

लॉकच्या बाबतीत आयफोन चांगला आहे, हे सांगायलाच पाहिजे. शेतात काम करणाऱ्यांच्या बोटांची कातडी फाटते, ठसे झिजतात, मग एस 24 चं ठशाचं लॉक दगा देतं. आयफोन चेहऱ्यावर उघडतो, तोंडाला दस्ती बांधलेली असली तरी तशी सेटिंग केली की चालतं. टचचं मात्र उलट आहे. या काचा बोटातल्या विजेच्या सूक्ष्म फरकावर चालतात, त्यामुळं राठ, कोरड्या बोटाला किंवा जाड टफन ग्लासखाली त्या नीट प्रतिसाद देत नाहीत. सॅमसंगमध्ये त्यासाठी टच सेन्सिटिव्हिटी वाढवायचं बटण आहे.

दुरुस्तीवर मी सगळ्यात जास्त बोलू शकतो, कारण ते माझं रोजचं काम. डिस्प्ले फुटला की गिऱ्हाईक विचारतं, "स्वस्तातलं फोल्डर आहे का?" फोल्डर म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले. आयफोनची इनसेल कॉपी, म्हणजे एलसीडीचा स्वस्त नकली डिस्प्ले, बाजारात सहज मिळते, फोन चालू होतो, पण मूळ ओएलईडीपुढं तिचा उजेड कमी पडतो आणि उन्हात अक्षर दिसत नाही. शिवाय सेटिंगमध्ये तो पार्ट मूळचा नसल्याची नोंद दिसते. एस 24 ला साधी एलसीडी कॉपी टाकली तर काचेखालचं ठशाचं लॉकच जातं. म्हणजे दोन्हीकडं स्वस्त डिस्प्ले महागात पडतो. आयफोन 15 ची मागची काच वेगळी निघते, 12 आणि 13 सारखी लेझरनं खरवडावी लागत नाही, एवढं मात्र बरं केलं कंपनीनं. फोन घ्यायच्या आधी दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळावर परभणी किंवा नांदेडला अधिकृत सेवा केंद्र आहे का बघा. केंद्र संभाजीनगरलाच असेल तर एका डिस्प्लेसाठी अख्खा दिवस आणि गाडीभाडं धरा.

टिकण्याबद्दल: सॅमसंगनं एस 24 ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलंय, म्हणजे 2031 पर्यंत. ॲपल असा आकडा विकताना ठळक सांगत नाही, पण 2018 च्या आयफोन एक्सएसला 2024 मध्ये आयओएस 18 मिळालं होतं. इथं दोन्हीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

तुम्ही व्हिडिओ बनवून टाकत असाल, किंवा दोन-तीन वर्षांत विकून दुसरा घ्यायचा विचार असेल, तर आयफोन घ्या. व्हिडिओ सरस येतो आणि विकताना किंमतही चांगली येते. तुमच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी नाहीत.

कुणी वापरलेला आयफोन दाखवला तर सेटिंग, जनरल, अबाउट इथं जाऊन पार्ट्सची नोंद आधी वाचा, बॅटरी हेल्थ बघा, आणि *#06# दाबून आलेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बिलावरच्या आकड्याशी जुळवा. बिल नाही म्हणाला तर तो फोन सोडून द्या.