मशीन म्हातारं नाही झालंय, माळा भरलाय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, आमची रबाळे एमआयडीसीत छोटी टूलरूम आहे. आयबीएमचं एक जुनं वर्कस्टेशन आहे, आरएस/६००० ४३पी, त्यावर आयबीएमचं युनिक्स म्हणजे एआयएक्स ४.३.३, रॅम ५१२ एमबी आणि एचडी६ (डिस्कवरची पेजिंग स्पेस) पण ५१२ एमबी. जुन्या डायची मॉडेल्स त्याच्यावरच उघडतात म्हणून जपून ठेवलंय. सोमवारी सकाळी मस्त पळतं, गुरुवार आला की रडायला लागतं. ०४०३-०३१ फोर्क फंक्शन फेल्ड (म्हणजे नवीन प्रोग्रॅम सुरू करता आला नाही) असं येतं आणि गंमत म्हणजे काय झालंय ते बघायला नवीन विंडो उघडावी तर तीच आपोआप बंद होते. व्हीएमस्टॅट या मेमरी दाखवणाऱ्या कमांडमध्ये फ्री १२०-१५० च्या वर जातच नाही. सर्व्हिसवाला म्हणतो रॅम टाका. टाकू का?

उत्तर: थांबा भाऊ, आत्ता नका टाकू. आधी ते १२०-१५० बघू, कारण सगळे तिथेच घाबरतात. तो आकडा एमबीत नाहीये, पानांत आहे, एक पान ४ केबीचं, म्हणजे मोकळी मेमरी जेमतेम अर्धा एमबी. वाचून धस्स होतं, पण एवढ्या रॅमच्या मशीनवर एआयएक्सचं मिनफ्री (कमीत कमी मोकळी पानं) १२० आणि मॅक्सफ्री (जास्तीत जास्त) १२८ असतं, तेवढीच पानं मोकळी ठेवायची हे त्याने स्वतःच ठरवलेलं आहे. बाकीच्या रॅममध्ये तो डिस्कवरून वाचलेल्या फायली धरून बसतो, रिकामी ठेवून करणार काय. त्यामुळे फ्री कमी दिसतंय म्हणून रॅम घेणं म्हणजे फ्रीज भरलेला दिसतोय म्हणून दुसरा फ्रीज आणणं.

खरा आजार कुठाय ते तुमच्याच पत्रात आहे. सोमवारी चांगलं, गुरुवारी वाईट. रॅम कमी असती तर सोमवारी मोठं मॉडेल उघडल्या उघडल्या रडलं असतं. दिवसागणिक वाढत जाणारं दुखणं म्हणजे कुणीतरी घेतंय आणि परत देत नाहीये.

आपल्याकडच्या वन बीएचकेचा विचार करा. हॉल म्हणजे रॅम आणि माळा म्हणजे पेजिंग स्पेस. हॉलमध्ये पाहुणे आले की आपण न लागणारं सामान माळ्यावर टाकतो. आता एआयएक्सची एक खोड, ५.३ च्या आधी तर नक्कीच: माळ्यावरची वस्तू परत हॉलमध्ये आणली तरी माळ्यावरची तिची जागा तो दुसऱ्या कुणाला देत नाही, ज्याची वस्तू तो प्रोसेस (म्हणजे चालू प्रोग्रॅम) संपेपर्यंत किंवा त्याने ती मेमरी स्वतःहून सोडेपर्यंत. म्हणून एलएसपीएस -ए ही कमांड मारल्यावर दिसणारा पेजिंग स्पेसच्या वापराचा टक्का संध्याकाळी सगळे घरी गेले तरी खाली येत नाही, आणि लोकांना वाटतं मशीनच बिघडलं. (४.३.२ पासून माळ्यावरची जागा आधीच बुक होत नाही, खरंच वर टाकायची वेळ येते तेव्हाच लागते, पण एकदा लागली की लागली.)

आणि तुमची नवी विंडो का मरते? पेजिंग स्पेस संपत आली की कर्नल, म्हणजे एआयएक्सचा गाभा, दोन पायऱ्यांवर काम करतो. तिथली मोकळी पानं एनपीएसवॉर्न या मर्यादेच्या खाली गेली की सगळ्यांना सिगडेंजर नावाचा सिग्नल, म्हणजे बाबांनो आवरा. बहुतेक प्रोग्रॅम तो ऐकतच नाहीत. मग एनपीएसकिल या दुसऱ्या मर्यादेच्या खाली गेलं की सरळ सिगकिल, म्हणजे प्रोग्रॅम जागीच बंद, आणि तो आधी सगळ्यात नव्या प्रोसेसवर. तुमचा हिशोब करून बघू: ५१२ एमबी म्हणजे १,३१,०७२ पानं, त्याचा १२८ वा भाग १,०२४ पानं म्हणजे ४ एमबी, तिथे मारायला सुरुवात. वॉर्निंग त्याच्या चौपट, १६ एमबीला. म्हणजे चोर चार दिवस जुना, तो निवांत, आणि बघायला आलेला वॉचमन नवा म्हणून त्याचाच बळी. ईआरआरपीटी -ए मारून एरर लॉगमध्ये पीजीएसपी_किल असं लेबल दिसतं का बघा, दिसलं तर हेच झालंय.

आता चोर शोधायचा तर गुरुवारी नाही, सोमवारी सुरुवात करा. सकाळ-संध्याकाळ एसव्हीमॉन -पी -जी -टी १० चं आउटपुट एका फाइलमध्ये टाका, क्रॉनला (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्याला) लावलं तर उत्तमच. त्यातला जी म्हणजे माळ्यावर जास्त जागा अडवणारा वर. पीजीएसपी (पेजिंग स्पेसमधली पानं) कॉलमला २५६ ने भागलं की एमबी मिळतात, म्हणजे कुणाचे ६२,००० दिसले तर साहेब २४२ एमबी घेऊन बसलेत, तुमचा जवळजवळ अर्धा माळा. पण एका दिवसाच्या आकड्यावरून कुणाला धरू नका, मोठं मॉडेल उघडणारा मोठाच दिसणार, जो मंगळवारी सोमवारपेक्षा आणि बुधवारी मंगळवारपेक्षा मोठा होतो आणि काम कमी झालं तरी उतरत नाही तोच आपला माणूस. बऱ्याचदा तिथे एक्स सर्व्हर (स्क्रीनवर विंडो दाखवणारा प्रोग्रॅम) दिसतो आणि लोक त्यालाच शिव्या घालतात, पण क्लायंटने, म्हणजे त्या विंडो उघडणाऱ्या प्रोग्रॅमने, मागितलेली चित्रं तो बिचारा सांभाळत असतो, क्लायंट एकेक बंद करून बघा, कुठला बंद केल्यावर एक्सची वाढ थांबते ते कळेल.

अजून एक जागा राहिली. कॅड प्रोग्रॅम क्रॅश झाला की त्याची शेअर्ड मेमरी (अनेक प्रोसेसनी मिळून वापरायची मेमरी) तशीच मागे राहू शकते, भाडेकरू पळून गेला आणि सामान माळ्यावर. हे प्रोसेसच्या यादीत दिसतच नाही, कारण प्रोसेसच उरलेला नाही. आयपीसीएस -एमओ मारा, ज्याचा एनअटॅच (जोडलेल्या प्रोसेसची संख्या) शून्य आहे आणि ज्याचा मालक पण आता जिवंत नाही तो सेगमेंट आयपीसीआरएम -एम ने काढा. शून्य दिसलं की काढ असं मात्र करू नका, काही प्रोग्रॅम मुद्दाम सोडून ठेवतात आणि परत येऊन जोडतात.

चोर सापडेपर्यंत तात्पुरता उपाय हवा असेल तर त्या एका प्रोग्रॅमला बुधवारी रात्री बंद करून चालू करा, आणि सीएचपीएस -एस ने एचडी६ थोडी वाढवा. इथे जपून. -एस च्या पुढचा आकडा एमबी नाही, लॉजिकल पार्टिशन्स आहेत, म्हणजे डिस्कचे ठरलेल्या आकाराचे तुकडे. मी स्वतः वागळे इस्टेटला एकाच्या मशीनवर ६४ एमबी वाढवू म्हणून ६४ टाकले, त्या डिस्कवर पार्टिशन १६ एमबीचं होतं, झाली १ जीबी, मालक माझ्याकडे बघतोय आणि मी स्क्रीनकडे. आणि ४.३ वर कमी करायची सोय नाही, ती ५.१ पासून आली, त्यामुळे तो माळा मोठा झाला तो झालाच. आधी एलएसव्हीजी रूटव्हीजी मारून पीपी साइझ, म्हणजे एका पार्टिशनचा आकार, बघा.

रॅम कधी टाकायची ते पण सांगतो. व्हीएमस्टॅटमध्ये पीआय कॉलम, म्हणजे माळ्यावरून परत खाली आणलेली पानं, कामाच्या वेळी सतत ५ च्या वर राहत असेल तर हॉल खरंच छोटा आहे. मध्येच एकदा ४० दिसून गेलं तर सोडून द्या.

प्रश्न: मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. आमच्याकडे अजून दोन सन अल्ट्रा १० वर्कस्टेशन आहेत, त्यावर सनचं युनिक्स, सोलॅरिस ८. मुलं प्रोजेक्टचं सिम्युलेशन लावतात आणि मध्येच टीएमपी (तात्पुरत्या फायलींची डिरेक्टरी) फुल, स्वॅप स्पेस लिमिट एक्सीडेड असं येतं. पण टीएमपी तर डिस्कवर आहे ना, आणि डिस्क निम्मी रिकामी आहे!

उत्तर: ताई, तिथेच गोम आहे, सोलॅरिसचं टीएमपी डिस्कवर नसतंच. ते टीएमपीएफएस आहे, म्हणजे रॅम आणि स्वॅप (एआयएक्सच्या पेजिंग स्पेससारखी डिस्कवरची जागा) मिळून जी जागा होते त्यातूनच ते कापून घेतं. मुलाने टीएमपीत ३०० एमबीची आउटपुट फाइल टाकली की सगळ्या प्रोग्रॅमसाठीची मेमरी तेवढी कमी झाली. डीएफ -के मध्ये टीएमपीच्या ओळीत फाइलसिस्टिमच्या जागी स्वॅप लिहिलेलं दिसेल, रोज बघूनही ते डोळ्यांत भरत नाही. डीयू -एसके ने टीएमपीत कोण पसरलंय ते बघा आणि मुलांना फायली एक्सपोर्ट होममध्ये लिहायला लावा. फाइल उडवली तरी जागा परत आली नाही तर ती उघडून बसलेला प्रोसेस अजून चालू आहे, तो बंद केल्याशिवाय सुटणार नाही. कायमचा इलाज म्हणजे व्हीएफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) टीएमपीच्या ओळीला साइझ=२५६एम असा ऑप्शन द्या, मग टीएमपी भरलं तर टीएमपीच भरेल, अख्खं मशीन नाही आडवं होणार.

स्वॅप वाढवायचं तर सोपं आहे, एमकेफाइलने फाइल बनवा, स्वॅप -ए ने जोडा, व्हीएफएसटॅबमध्ये ओळ टाका नाहीतर रीबूटनंतर गायब. आणि स्वॅप -एल मधले आकडे ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये असतात, निम्मे करून केबी वाचा.

प्रश्न: एआयएक्स मशीनला १ जीबी रॅम, पेजिंग स्पेस फक्त २० टक्के वापरात, तरी आमचा प्रोग्रॅम नॉट इनफ मेमरी म्हणून मरतो. असं कसं? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: टाकीत पाणी भरपूर आहे हो, तुमच्या नळाला वॉशर लावलेला आहे. यूलिमिट -ए मारा, एका प्रोग्रॅमला किती मिळू शकतं त्या मर्यादा दिसतील. डेटाची मूळ मर्यादा १२८ एमबी असते, सिक्युरिटी लिमिट्सच्या फाइलमध्ये ती २६२१४४ अशी लिहिलेली दिसते कारण तिथे पण ५१२ बाइटचे ब्लॉक. ती वाढवा आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर फरक दिसणार नाही आणि तुम्ही मलाच शिव्या घालाल. तरी २५६ एमबीच्या अलीकडे अडकलं तर ३२ बिट प्रोग्रॅमला डेटासाठी एकच २५६ एमबीचा सेगमेंट मिळतो ही अडचण आहे, मग प्रोग्रॅम लिंक करताना (बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यात) बीमॅक्सडेटा हा ऑप्शन देऊन जास्त सेगमेंट मागावे लागतात. प्रोग्रॅम विकत घेतलेला असेल तर ज्याने दिला त्याच्याकडून करून घ्या.

प्रश्न: पेजिंग स्पेस रॅमच्या दुप्पट ठेवायची हे खरं का?

उत्तर: ३२-६४ एमबी रॅमच्या काळात ठीक होतं. आता आठवड्यातल्या सगळ्यात जड दिवशी एलएसपीएस -एस बघा, ७० टक्क्यांच्या वर जात असेल तर वाढवा, नाहीतर राहू द्या. दोन डिस्क असतील तर दोन्हीवर सारख्या आकाराची एकेक ठेवा, एआयएक्स आळीपाळीने दोन्हीकडे लिहितो, आणि एकाच डिस्कवर दोन ठेवाल तर त्याच डिस्कचं हेड बिचारं इकडून तिकडे धावत बसेल.