फळ्यावरचा तो एक शब्द आधी पुसा

तुमची अडचण वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. ज्येष्ठ नागरिक संघात लिव्हिंग विलवर (म्हणजे बरं होण्याची आशा नसेल आणि बोलता येत नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं वैद्यकीय इच्छापत्र) कार्यक्रम ठेवायचाय, अध्यक्ष "असले अशुभ विषय नकोत" म्हणतात, आणि तुमची तयारी सुरू झाल्यापासून वडील तुमच्याशी धड बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. अध्यक्षांना कसं पटवायचं, हा तुमचा प्रश्न. अध्यक्षांचं बघू नंतर. तुम्ही शेवटी फलकाचा मसुदा दिलाय ना, "इच्छामरण : आपला हक्क", तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. 2019 साली आमच्या विरंगुळा केंद्राच्या फळ्यावर जवळजवळ हेच शब्द मी माझ्या हाताने, रंगीत खडूने लिहिले होते.

आधीच सांगते, मी वकील नाही, डॉक्टर नाही. टपाल खात्यात 31 वर्षं काढून निवृत्त झालेली बाई आहे. कायद्याचं शेवटचं तुमच्या वकिलाला विचारा. साक्षीदार किती, नोटरी की राजपत्रित अधिकारी, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी सांगणार आहे ते मला महागात पडलेलं.

अशा इच्छापत्राला मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 9 मार्च 2018 चा. त्याच्या आदल्या वर्षी सासूबाईंची धाकटी बहीण अतिदक्षता विभागात गेली. आई (सासूबाईंना मी आईच म्हणायचे) तिला काचेतून बघून आल्या आणि रात्री भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझं असं करू नका गं. नळ्या नकोत. खिडकीची खोली द्या मला." हे त्या मला म्हणाल्या. मुलाला नाही, मुलीला नाही. त्यामुळे निकालाची बातमी आल्यावर मी कात्रण काढून त्यांना वाचून दाखवलं. त्या सही करायला तयार होत्या. तेव्हा कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. त्यावर एवढंच म्हणाल्या, "कोर्टाची पायरी चढायची ना, मग साडी चांगली नेसते."

माझी अवदसा अशी की, हे एवढं चांगलं आहे तर सगळ्यांना सांगू, असं मला वाटलं. "वैद्यकीय इच्छापत्र" लिहिलं तर कोण येणार? लोक जमावेत म्हणून फळ्यावर ठळक अक्षरात "इच्छामरण" लिहिलं.

लोक जमले, पण कसे ते ऐका. हा शब्द ऐकला की आपल्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, भीष्म नाहीतर इंजेक्शन. एक आजोबा उठले ते ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीपासून सावरकरांच्या प्रायोपवेशनापर्यंत आणि तिथून 1982 च्या पवनारला, विनोबांपर्यंत पोचले. पंचवीस मिनिटं. त्यांचं बोलणं चांगलं होतं, पण त्यातल्या एकालाही व्हेंटिलेटर लावलेला नव्हता. मग हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं केईएम रुग्णालयात पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग निघाल्याच. त्या सुद्धा व्हेंटिलेटरवर नव्हत्या, केईएमच्या परिचारिका त्यांना हाताने भरवत होत्या, आणि 2011 मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाबतीतली याचिका फेटाळली होती, हे सांगेपर्यंत निम्मा हॉल चहाकडे वळला. (तुम्हीही त्यांच्यापासून सुरुवात करू नका. लोक तिथेच अडकतात.) आणि सगळे गेल्यावर एक गृहस्थ थांबले. पत्नी वारलेल्या, मुलगा परदेशात. हळू आवाजात विचारलं, "त्याचा फॉर्म कुठे मिळतो?" त्यांना कसलाही असाध्य आजार नव्हता. त्यांना जगण्याचा कंटाळा आला होता आणि माझ्या फळ्याने त्यांना वाटलं होतं की इथे त्यावर काही मिळतं. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही. आता 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, नंबर प्रत्येक कार्यक्रमात मी स्वतः मोठ्या अक्षरात लावते. तुम्हीही लावा.

पण खरं नुकसान घरी झालं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आईंना म्हणाल्या, "तुमची सून इच्छामरणाचं भाषण ठेवतेय म्हणे. तुम्हाला विचारलं ना?" बस, एवढंच. आई मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बीपीची गोळी मी नेहमीसारखी वाटीत ठेवली. त्यांनी ती उचलली, चष्मा लावला, मग भिंग घेतलं, आणि माझ्याकडे पाकीट मागितलं. पाकिटावरचं नाव, गोळीचा रंग, सगळं ताडून पाहिलं. मग गोळी तशीच वाटीत ठेवून मुलगा आंघोळ करून येईपर्यंत थांबल्या आणि त्याच्या हातून घेतली. बावीस वर्षं माझ्या हातचं खाल्लेली बाई. पुढे दोन वर्षं गोळ्या त्याच्याच हातून.

सहीचा विषय मी एकदाच पुन्हा काढला. तेव्हा म्हणाल्या, "भीष्माला वर मिळाला होता. मला नोटीस आलीय."

नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. 19 दिवस व्हेंटिलेटर. अकराव्या दिवशी गळ्याला भोक पाडायची परवानगी मागितली, ती दिली. खोलीला खिडकी नव्हती. नणंदबाई इंदूरहून फोनवर "सगळं करा" म्हणत होत्या. मी तोंड उघडलं, "आई एकदा म्हणाल्या होत्या..." तर पलीकडून शांतपणे आलं, "वहिनी, तुम्ही यात बोलू नका." नणंद वाईट नाही हो. तिच्या कानावर फळा गेलेला होता. आईंनी काय सांगितलं होतं ते ऐकलेलं माणूस त्या घरात मी एकटी, आणि माझ्याच बोलण्यावर कोणाचा विश्वास राहिला नव्हता. नवऱ्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

डॉक्टरांना विचारलं की कायद्यात काही मार्ग आहे ना? "आमच्याकडे असं करत नाहीत. न्यायचं असेल तर डामावर सही करा." म्हणजे आम्ही सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर नेतोय असं लिहून द्यायचं आणि नळी काढल्यावर घरी जे होईल ते बघायचं. त्यांचाही सगळा दोष नाही म्हणा. उपचार थांबवायची 2018 ची पद्धत अशी होती की रुग्णालयाच्या मंडळात 20 वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकारी स्वतः रुग्णाला बघायला येणार. कोण करणार हे? न्यायालयानेच 24 जानेवारी 2023 ला ते सोपं केलं. पाच वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ चालतात, दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत सांगायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं. इच्छापत्र नसेल तरी घरच्यांच्या संमतीने हाच रस्ता आहे, हे लोकांना अजिबात माहीत नसतं. तुमच्या कार्यक्रमात हे एक वाक्य दोनदा सांगा. आम्हाला मात्र विसाव्या दिवशी पहाटे फोन आला.

असो. लिहिता लिहिता वाहवत गेले.

2023 मध्ये पुन्हा धाडस केलं. फळ्यावर लिहिलं, "दवाखान्यात आपल्याला बोलता आलं नाही, तर आपल्या वतीने कोण बोलणार?" साठेक माणसं आली आणि भीष्माचं नावही निघालं नाही. पहिली वीस मिनिटं मी कायद्याचा शब्द काढत नाही. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते, त्यावर एकच नाव लिहायचं, कोण बोलणार. नवराबायको शेजारी बसून वेगवेगळी नावं लिहितात, मग जी कुजबुज होते तोच खरा कार्यक्रम. एका काकांनी मुलाऐवजी भाचीचं नाव लिहिलं, काकू म्हणाल्या, "मलाही तीच बरी वाटते."

माझी मतं, पटली तर घ्या. वक्ता म्हणून अतिदक्षता विभागातले मोठे तज्ज्ञ आणू नका, गल्लीतले फॅमिली डॉक्टर आणा. लोक त्यांना प्रश्न विचारतात. त्याच दिवशी नोटरी मुळीच नको. म्हाताऱ्या माणसाला सही म्हटलं की फ्लॅट आठवतो. कोणीतरी सुचवेल की पितृपंधरवड्यात ठेवा, वातावरण असतं. आम्ही ठेवून बघितलं, अकरा जण आले. आणि "काय करू नका" याच्याआधी "काय करता येतं" ते सांगा. मरणापेक्षा वेदनेची भीती जास्त असते लोकांना. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनचे नियम 2014 च्या दुरुस्तीने सुटसुटीत झालेत, पुण्यात वारजेला सिप्लाचं परिहार सेवेचं (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याचं) केंद्र आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांना पैसे पडत नाहीत, वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, एवढं सांगितलं तरी माणसं सैल होऊन बसतात.

आता कागद जमा करण्याचं. प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे राज्यात असे अधिकारी नेमण्याचं काम हललं. गोव्यात तर मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती सोनक यांनी 2024 मध्ये स्वतःचं इच्छापत्र करून सुरुवात करून दिली. आमच्या इथलं कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, उगाच नको. मी माझं स्वतःचं घेऊन गेले. पहिल्या टेबलाने आरोग्य विभागात पाठवलं, आरोग्याने विधी विभागात, विधीने जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर. तिथल्या मुलाने कागद उलटसुलट बघितला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे मृत्यू झाल्यावर आणा." मी म्हटलं, "तेव्हा मी कशी आणणार?" मागच्या रांगेतले हसले, तो बिचारा गोरामोरा झाला. शासनाचं नेमणुकीचं पत्र त्याच्यापर्यंत पोचलेलंच नव्हतं. तीन चकरा झाल्या. शेवटी आवक विभागात दोन प्रती दिल्या आणि माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. तेही करत नसतील तर सरळ स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. एकतीस वर्षांच्या नोकरीचा हा एवढा सल्ला बिनचूक आहे.

इच्छापत्रात आपल्या वतीने बोलायला दोघांची नावं घालणार असाल, तर ते दोघं एकमेकांशी बोलतात का ते आधी बघा. आणि दूरच्या मुलीला, मुलाला कागद करण्याआधी फोन करा. दूरच्यांचीच शेवटी "सगळं करा" अशी घाई असते, कारण त्यांनी आधीचं काही ऐकलेलं नसतं. माझ्या इच्छापत्रात मी नणंदेचं नाव घातलंय. तिने आधी नाही म्हटलं, मग आठ दिवसांनी फोन करून पिन कोड विचारला.

आता अध्यक्षांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या घरात कोण कधी दवाखान्यात होतं ते विचारा आणि ऐका. अशुभ म्हणणाऱ्या माणसाने बहुतेक काहीतरी पाहिलेलं असतं. महिनाभर थांबायला लागलं तर थांबा.

पण वडिलांचं थांबवू नका. ते रुसलेत असं तुम्हाला वाटतंय, मला तसं वाटत नाही. चुकत असेन तर सोडून द्या. कार्यक्रम, फॉर्म, कायदा यातलं काही न काढता त्यांच्याजवळ बसा, आणि ते औषधं कोणाच्या हातून घेतात ते गुपचूप बघा. फलक छापायला टाकला असेल तर उद्या सकाळीच थांबवा. नवा मसुदा इथे टाका, मी वाचून सांगते. दुपारी दोननंतर मोकळी असते.