अनरेडचा कॅश भरला, मूव्हर ढिम्म हलत नाही: घोडं शेअरच्या सेटिंगमधे अडलंय

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे घरच्या सर्व्हरवर अनरेड (डिस्क सांभाळणारी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम), 500 जीबीची एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) कॅशला, 4 टीबीच्या तीन हार्ड डिस्क (यांचा मिळून अ‍ॅरे), त्यातली एक पॅरिटीला (एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत उभा करायला). घरातले सगळे जुने फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ, एकूण 1.2 टीबी, एकाच शेअरवर (नेटवर्कवरून दिसणारा सामाईक फोल्डर) ओतायला घेतले, साडेचारशे जीबीच्या आसपास जागा संपल्याचा एरर आला आणि त्याच वेळी जेलिफिन (व्हिडिओ बघायचं अ‍ॅप) आणि इमिच (फोटोंचं अ‍ॅप) दोन्ही आडवे झाले. मूव्हरचं (कॅश आणि अ‍ॅरेमधे फाइली हलवणारा प्रोग्राम) बटण दाबलं तर दोन मिनिटांत काम झालं म्हणतो, कॅश मात्र तसाच भरलेला. आणि आता विचारताय की मोठी एसएसडी घेऊ का.

नका घेऊ. म्हणजे पुढे घ्याल कदाचित, पण हा प्रॉब्लेम त्याने सुटणार नाही, 2 टीबीची आणली तरी ती पण एक दिवस भरेल आणि तुम्ही परत इथेच याल.

मुळात कॅश म्हटलं की डोक्यात असं बसतं की एकदा लावला की बाकी सगळं सिस्टिम आपोआप बघेल. अनरेडमधे तसं नाहीये (माझी बायको याला अजून 'न वाचलेला सर्व्हर' म्हणते, मी समजावणं सोडून दिलंय). इथे कॅश ही फक्त एक वेगळी जागा आहे, आणि कुठली फाइल तिथे उतरेल, नंतर तिथून हलेल की नाही, हे प्रत्येक शेअरला वेगवेगळं सांगावं लागतं. किराणा आणला की पिशव्या आधी ओट्यावर पडतात, रात्री कोणीतरी आवरून कोठीत लावतं, पण मिसळणाचा डबा कायम ओट्यावरच असतो ना, तो कोणी माळ्यावर टाकत नाही. तुम्ही नेमकं उलटं केलंय राव. तुमच्या स्क्रीनशॉटमधे फोटोंच्या शेअरला प्रायमरी स्टोरेज (फाइल आधी उतरते ते) कॅश आणि सेकंडरी स्टोरेज (नंतर हलवायचं ते) 'नन' आहे, म्हणजे पिशव्या ओट्यावर आणि कोठीला कुलूप. मूव्हरला त्या शेअरमधे हलवण्यासारखं काही नाहीच, म्हणून तो दोन मिनिटांत मोकळा होतो, तो बिघडलेला नाहीये. आणि अ‍ॅपडेटाला (अ‍ॅप्सची सेटिंग आणि डेटाबेस असलेला शेअर) मात्र कॅशकडून अ‍ॅरेकडे असा बाण लावून ठेवलाय, म्हणजे मिसळणाचा डबा रोज पहाटे माळ्यावर. इमिच रांगत चालतो आणि डिस्क कधीच झोपत नाहीत म्हणालात, त्याचं कारण बहुतेक हेच, त्याचा डेटाबेस अर्धा फिरत्या डिस्कवर जाऊन बसलाय.

जुने व्हिडिओ बघून सेटिंग केलं असेल तर गोंधळ होणारच, कारण 6.12 पासून (2023) या पानाची भाषाच बदलली. आधी यस, नो, ओन्ली, प्रिफर असे चार शब्द होते आणि त्यातल्या यस आणि प्रिफरमधे भले भले फसायचे. आता जुना यस म्हणजे प्रायमरी कॅश, सेकंडरी अ‍ॅरे, बाण कॅशकडून अ‍ॅरेकडे. प्रिफर म्हणजे तेच सगळं, फक्त बाण उलटा. ओन्ली म्हणजे सेकंडरी नन, आणि नो म्हणजे थेट अ‍ॅरेवर. तो मूव्हर अ‍ॅक्शनचा बाण नीट बघायचा, बाकी काही पाठ करायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे जवळपास कोणीच सेट करत नाही, मीही केलं नव्हतं. कॅश पूलच्या (कॅशला लावलेल्या डिस्कचा गट) सेटिंगमधे मिनिमम फ्री स्पेस नावाचा आकडा असतो. तुमच्याकडे तो 0 असेल तर अर्धं दुखणं तिथे आहे. होतं काय, फाइल यायला लागते तेव्हा अनरेडला तिचा आकार माहीत नसतो, तो फक्त एवढंच बघतो की या आकड्यापेक्षा जास्त जागा शिल्लक आहे का, असेल तर फाइल कॅशवर सुरू. एकदा सुरू झाली की मधेच डिस्क बदलता येत नाही. समजा 20 जीबी उरलेत आणि आकडा 0 आहे, आणि तुमचा 45 जीबीचा लग्नाचा व्हिडिओ आला, तर तो 20 जीबीला येऊन धडकणार आणि मरणार, शेजारी 8 टीबी रिकामं असलं तरी. तोच आकडा 100 जीबी ठेवला असता तर तो व्हिडिओ मुकाट थेट अ‍ॅरेवर गेला असता. (सेकंडरी अ‍ॅरे असेल तरच हं, नन असेल तर जायला जागाच नाही.) आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या फाइलच्या दुप्पट ठेवा, म्हणजे तुमच्यासाठी 100 जीबी बरोबर. हा आकडा बदलायला अ‍ॅरे थांबवावा लागतो, चालू अ‍ॅरेवर तो खोका करडाच दिसतो.

मला हे कळलं ते असं. गणपतीच्या सुट्टीत जुन्या मिनीडीव्ही कॅसेटी कॉम्प्युटरवर घेत होतो, तासाला साधारण 13 जीबी, रात्री कॅप्चर लावून झोपलो. सकाळी बघतो तर कॅश शंभर टक्के, व्हर्च्युअल मशीन पॉज होऊन पडलेलं, आणि डॉकरची (अ‍ॅप्स वेगवेगळ्या कंटेनरमधे चालवणारी सोय) इमेज फाइल करप्ट. घरात आरतीची घाई आणि मी पाटावर लॅपटॉप घेऊन बसलेलो, पुढचं सांगत नाही.

तर आता काय करायचं. आधी ती कॉपी बंद करा. मग सेटिंग्जमधून डॉकर आणि व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) दोन्ही पूर्ण बंद, नुसते कंटेनर स्टॉप करून चालत नाही, एनेबल डॉकरला 'नो' करायचं, कारण मूव्हर उघड्या फाइलला हात लावत नाही आणि डॉकरची सर्व्हिस चालू असेपर्यंत तिची इमेज उघडीच असते. फोटोंच्या शेअरला सेकंडरी अ‍ॅरे द्या, बाण कॅशकडून अ‍ॅरेकडे, अप्लाय, आणि मेन पानावरून मूव्ह दाबा. साडेचारशे जीबी आहे, फोटो बारीक बारीक फाइलींचे, रात्र जाईल असं धरा. कॅश रिकामा झाल्याशिवाय उरलेली कॉपी सुरू करू नका, कारण आधीच कॅशवर असलेली फाइल ओव्हरराइट केली तर ती कॅशवरच लिहिली जाते, नवीन सेटिंग फक्त नवीन फाइलला लागतं. यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीये.

मग अ‍ॅपडेटा आणि सिस्टिम (डॉकरची इमेज असते तो शेअर). प्रायमरी कॅश, सेकंडरी अ‍ॅरे, बाण अ‍ॅरेकडून कॅशकडे, परत मूव्ह. सगळं कॅशवर आलं की सेकंडरी नन करून टाका. ग्लोबल शेअर सेटिंगमधे एक्सक्लुझिव्ह शेअर चालू करता आलं तर उत्तम, मग कॅश आणि अ‍ॅरे एकत्र दाखवणारा मधला थर बाजूला होतो आणि डेटाबेसवाली अ‍ॅप्स जरा चपळ होतात. डॉकर इमेज करप्ट निघालीच तर घाबरू नका, इमेज डिलीट करून नवी बनवा आणि अ‍ॅप्स टॅबमधल्या प्रीव्हियस अ‍ॅप्समधून कंटेनर परत टाका, तुमचा डेटा अ‍ॅपडेटात असतो, इमेजमधे नाही.

उरलेल्या साडेसातशे जीबीसाठी कॅश वापरूच नका. पहिल्या मोठ्या भरणीला कॅशचा काही फायदा नसतो, एवढं एकदम ओतलं की तो भरणारच. तेवढ्यापुरतं शेअरचं प्रायमरी अ‍ॅरे करा आणि डिस्क सेटिंगमधे रिकन्स्ट्रक्ट राइट चालू करा. नेहमीच्या पद्धतीत अनरेड जुना डेटा आणि जुनी पॅरिटी आधी वाचतो आणि मग दोन्ही लिहितो, म्हणजे वाचून झाल्यावर तीच जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली परत यायला एक फेरा थांबावं लागतं, 5400 आरपीएमच्या डिस्कला हा फेरा 11 मिलिसेकंदांचा. म्हणून वेग सेकंदाला 50 एमबीच्या आसपास अडकतो. रिकन्स्ट्रक्टमधे सगळ्या डिस्क एकदम फिरतात पण गिगाबिट लाइन जवळपास भरून निघते, म्हणजे तुमचं काम चार तासांच्या जागी दोनेक तासांत. झालं की परत ऑटोवर.

मूव्हर डिफॉल्टला पहाटे 3:40 ला चालतो. माझ्याकडे फोनचे फोटो रात्रभर चार्जिंगवर अपलोड होतात म्हणून मी पाचला केलाय, तुमचं तुम्ही बघा, फक्त पॅरिटी चेक आणि मूव्हर एकाच रात्री लावू नका, दोघंही रडत चालतात.

दुसरी एसएसडी कधी घ्यायची ते सांगतो. पॅरिटी फक्त अ‍ॅरेला राखते, कॅशला नाही. आज आलेले फोटो मूव्हर चालेपर्यंत एकाच एसएसडीवर असतात आणि अ‍ॅपडेटा तर कायमचा तिथेच, ती गेली की गेलं. म्हणून मोठी नको, तेवढीच दुसरी घ्या आणि मिरर करा (दोन्हीवर तोच डेटा). तुमचा पूल एक्सएफएस फाइलसिस्टिमचा आहे, त्यावर मिरर होत नाही, बीटीआरएफएस किंवा झेडएफएसमधे फॉरमॅट करावं लागेल, म्हणजे आधी कॅश अ‍ॅरेवर रिकामा करणं आलंच. लहानमोठी जोडी लावलीत तर लहानीएवढीच जागा मिळते. क्यूएलसीवाली (एका सेलमधे चार बिट कोंबणारी, म्हणून लवकर झिजणारी) स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, सॅमसंगच्या 870 ईव्हीओच्या 1 टीबीला 600 टीबी लिहिण्याची वॉरंटी आहे तर त्याच आकाराच्या क्यूएलसीवाल्या क्यूव्हीओला 360, आणि कॅश म्हणजे दिवसरात्र लिहिणंच. मिरर असला तरी अ‍ॅपडेटाचा बॅकअप आठवड्याला अ‍ॅरेवर घ्या, चुकून डिलीट झालेलं दोन्हीकडून एकदम जातं. आणि यूपीएस नसेल तर एसएसडीच्या आधी तो घ्या, आमच्या पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे सर्व्हरला कोण सांगणार.

सगळं झालं की शेअर्सच्या पानावर अ‍ॅपडेटासमोर कंप्यूट दाबा. फक्त कॅश दिसला पाहिजे. डिस्क 1 पण दिसली तर मूव्हरचं लॉगिंग चालू करून परत चालवा, बहुतेक एकच फाइल दोन्हीकडे असेल, तशी असली की मूव्हर ती सोडून देतो, कुठली नवी आहे ते तारखेवरून बघून दुसरी हातानेच उडवावी लागते. आणि शेअर्सच्या यादीत अ‍ॅपडेटा दोनदा दिसतोय का तेही बघा, एक कॅपिटल ए चा आणि एक स्मॉल, कंटेनरचा पाथ टाकताना असं होतं.