आजोबांच्या डिस्चार्ज बुकातला (सैन्यातून निघताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतला) 'तीन (पाच)' : बडतर्फी की आणखी काही?

तुम्ही लिहिलंय की आजोबा १९६३ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि १९७२ ला पेन्शनीशिवाय घरी आले. डिस्चार्ज बुकात 'आर्मी रूल १३(३), रोमन तीन, कंसात रोमन पाच' एवढंच वाचता येतं आणि भावकीत 'नाव कापून पाठवलं' अशी कुजबुज आहे. आधी मुख्य उत्तर: ही बडतर्फी नाही. आर्मी अ‍ॅक्ट १९५० मध्ये बडतर्फीचं कलम २० आणि डिस्चार्जचं, म्हणजे सेवेतून मोकळं करण्याचं, कलम २२. नियम १३ या कलम २२ खाली येतो, बडतर्फीसाठी नियम १७ किंवा कोर्ट मार्शलची शिक्षा लागते. आजोबांना डिस्चार्ज मिळाला, हे त्या एका आकड्यावरून ठामपणे सांगता येतं.

आता 'तीन' म्हणजे शपथ घेतलेला, जेसीओच्या (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) खालचा जवान. शपथेआधी, रिक्रूट असतानाच गेलेल्यांसाठी 'चार' असतो. कंसातला आकडा कारणाचा. 'एक' म्हणजे भरतीच्या अटी पुऱ्या झाल्या, 'दोन' म्हणजे कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष पलटणीतली सेवा) झाली पण रिझर्व्हमध्ये (राखीव दलात) जागा नव्हती, 'तीन' म्हणजे मेडिकली अनफिट, 'चार' म्हणजे स्वतःच्या अर्जावरून. आणि 'पाच' म्हणजे 'डिस्चार्जचे इतर सर्व प्रकार'. वरच्या चारांत न बसणारं सगळं त्यात टाकलं जायचं. लाल शाईच्या नोंदी (शिक्षांच्या नोंदी) साठलेला जवान 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे 'सेवेची आता गरज नाही', म्हणून त्यातून गेला, तसा आजारपणामुळे मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) उतरलेला, हलक्या कामाची जागा न मिळालेला प्रामाणिक जवानही त्यातूनच गेला. दोघांच्या बुकात आकडा तोच. म्हणून केवळ 'पाच' बघून कोणाच्या चारित्र्याबद्दल बोलणं हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि मला तो फार लागतो.

मग बघायचं कुठे? त्याच पानावर 'कॅरेक्टर'ची, म्हणजे वर्तणुकीची, ओळ असते. तिथे 'एक्झम्प्लरी' किंवा 'व्हेरी गुड' असेल तर लाल शाईची शक्यता फार कमी होते. मग मेडिकल कॅटेगरी बघा. त्या काळात ती अक्षरांनी लिहीत: ए, बी, सी वगैरे, आणि तीही उच्चारासारखी, म्हणजे 'सी'साठी 'सीईई'. भरतीच्या वेळी ए आणि निघताना सी असेल, तर सगळं चित्रच बदलतं. कॅटेगरी उतरलेल्या माणसाला इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाशिवाय (सेवेस अपात्र ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाशिवाय) 'इतर' प्रकाराखाली घरी पाठवणं योग्य नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २००८ च्या राजपाल सिंह प्रकरणात म्हटलंय. डिसॅबिलिटी पेन्शनचा आणि त्यावरून आजींच्या फॅमिली पेन्शनचा मुद्दा इथूनच निघू शकतो. मात्र आजार सेवेमुळे झाला किंवा वाढला, हे दाखवावं लागतं.

आणखी एक शोधा. कलम २३ प्रमाणे सेवेतून जाणाऱ्या प्रत्येक जवानाला दाखला इंग्रजीत आणि त्याच्या मातृभाषेतही द्यायचा असतो. त्यात सेवा कोणी संपवली, कारण काय आणि एकूण सेवा किती, एवढं हवंच. इंग्रजी ओळ फिकट झाली असेल तर मराठी ओळ शाबूत असू शकते. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यात असला सुटा कागद हमखास निघतो.

दुसऱ्या कोणाचं सन १९५० च्या आधीचं बुक असेल तर हे आकडे आहेत तसे लावू नका. ते १९११ च्या कायद्याखालचं.

पंधरा वर्षांच्या आत आलेल्याला सर्व्हिस पेन्शन नसते. त्यामुळे 'पेन्शन नाही म्हणजे काहीतरी गैर केलं' हा गावातला हिशेब मुळातच चुकीचा.

मूळ कागद शीट रोल (जवानाच्या सगळ्या सेवेची नोंद), तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असायचा. पण पेन्शन नसलेल्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात, कायमचा राहतो तो लाँग रोल (जवानांच्या नावांची थोडक्यात नोंदवही). म्हणून अर्जात शीट रोल, मेडिकल बोर्डाचे कागद आणि लाँग रोलचा उतारा, तिन्ही मागा. आर्मी नंबर, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा लिहा, आजींच्या सहीने, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. बुक लॅमिनेट करू नका, आधी प्रत्येक पानाचा उजेडात फोटो काढा. फिकट ओळ तिरप्या उजेडात पुष्कळदा वाचता येते. आर्मी नंबर आणि नावं झाकून 'कॅरेक्टर' आणि 'मेडिकल कॅटेगरी'ची पानं इथे टाकलीत तर मी वाचून बघतो.