पलंगाखालचे राखाडी सैन्य

"ताई, आमच्या १५ वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपासून वॉरहॅमरचे, म्हणजे प्लास्टिकचे चिमुकले सैनिक जोडून-रंगवून टेबलावर लढाई खेळण्याचे, वेड लागले आहे. दिवसभर राक्षस, सांगाडे आणि कवट्या. त्यात फासे, म्हणजे जुगारच की! क्लबात बापाच्या वयाची माणसे त्याच्याशी खेळतात. हे विचारतात, एवढ्यासाठी देश सोडला का? रंगवलेले सैनिक पाच-सहाच आहेत, बाकीचे खोके पलंगाखाली तसेच पडले आहेत, आणि वाढदिवसाला पुन्हा नवा खोका हवा आहे."

शेवटचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे; माझ्या मते तुमच्या पत्रात काळजी करण्याजोगे तेवढेच आहे.

बाकीचे लवकर आटोपते. खेळात कोणी पैसे लावत नाही, तेव्हा तो जुगार नव्हे. दोन फाशांवर नऊ किंवा त्याहून अधिक पडण्याची शक्यता ३६ पैकी १० असते, हे मनाशी धरूनच तुमचा मुलगा तुकडी शत्रूवर धाडायची की नाही ते ठरवतो. राक्षसांच्या गोष्टी ऐकत आपणही वाढलो. वॉरहॅमर निघाला १९८३ साली, त्यामुळे क्लबात पन्नाशीचे गृहस्थ दिसणारच. तरीही एकदा स्वतः जाऊन तासभर बसा. यजमानांना हा पोरखेळ वाटत असेल, तर प्रशियाच्या सैन्यातले अधिकारी १८२४ सालापासून नकाशावर फासे टाकून युद्धाचा सराव करत, एवढे त्यांच्या कानावर घाला.

आता पलंगाखाली येऊ. या छंदात अशा ढिगाला 'पाइल ऑफ शेम', लाजेचा ढीग, असे नावच आहे, म्हणजे तुमचा मुलगा जगावेगळा नाही. जेमतेम २८ ते ३२ मिलिमीटर उंचीचा एक सैनिक राखाडी प्लास्टिकच्या चौकटीतून कापायचा, साच्याची रेघ खरवडायची, चिकटवायचा, प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, द्यायचा आणि मग कुठे रंग सुरू होतो. पहिल्या सैनिकाला हौस असते. सातव्या सैनिकाचा तसाच पट्टा तशाच तपकिरी रंगाने रंगवताना ती संपते आणि नवा खोका खुणावू लागतो. नव्याचे नऊ दिवस मुलाचे असतात हे खरे, पण खोका आणून कोण देते? आजी-आजोबा आणि चुलत भावंडे आपण हजारो मैलांवर ठेवली, ती उणीव आपण वस्तूंनी भरून काढतो. रागावू नका, मीही तेच केले आहे.

दोनदा घर बदलले तेव्हा माझ्या धाकट्याचे न उघडलेले खोके आम्ही जपून बांधून नेले, आणि तिसरा खोका मीच आणला. मग एका संध्याकाळी लाज वाटून त्याच्याशेजारी ब्रश घेऊन बसले. बाटलीतला रंग तसाच फासला, तर सैनिकाचे नाक, डोळे, तोंड सगळे लिंपले गेले. पोरगा हसला नाही. त्याने जुन्या बशीत रंगात पाणी मिसळले आणि म्हणाला, "आई, एक जाड थर नको, दोन पातळ दे." त्यावर त्याने वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, सोडला, तो खाचांत उतरला आणि अंगरख्याच्या चुण्या उठून दिसू लागल्या. दहा सैनिकांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत, मान वर न करता, त्याने नव्या शाळेबद्दल जेवढे सांगितले तेवढे आधीच्या वर्षभरात सांगितले नव्हते. त्या तुकडीतला तिरळा सैनिक माझा, हे यजमान आजही पाहुण्यांना दाखवतात.

तेव्हा नवा खोका बंद. सगळा ढीग त्याच्यापुढे ओतू नका. दहाची एकच तुकडी निवडू द्या. आधी दहाही जणांचे पट्टे, मग दहाही जणांची पादत्राणे, असे केले की काम उरकते. फवाऱ्याचा प्रायमर घराबाहेर मारावा. चौकटीतून तुकडे कापायचे काम यजमानांकडे द्या, बोलायला त्यांना वेळ उरणार नाही. जे खोके त्याला खरोखरच नको असतील ते क्लबात दुसऱ्या कोणाला देता येतील. वाढदिवसाला बारीक टोकाचा चांगला ब्रश आणि टेबलावरचा दिवा द्या, आणि दुसरा ब्रश स्वतःसाठी घ्या.

महिन्याभराने मला पुन्हा लिहा. किती सैनिक झाले तो आकडा हवा. "बरेच झाले" असे लिहू नका.