एनएलआर ६.५ आला म्हणजे आईला मायोसायटिसच आहे का?

तुमचा प्रश्न असा: आई ५२ वर्षांची. दोन महिन्यांपासून खाली बसली की आधाराशिवाय उठता येत नाही, वेणी घालताना हात भरून येतात. डॉक्टरांना मायोसायटिसची, म्हणजे स्नायूंना सूज येण्याच्या आजाराची, शंका आहे. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के. या दोन्ही पांढऱ्या पेशी. तुम्ही भागाकार करून ६.५ काढलात, हाच एनएलआर. या आकड्यावरून आजार कळतो आणि पुढे काय होणार तेही कळतं, असं वाचलंत. मग बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणं, कशाला?

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं टेक्निशियन आहे. पण हा ६.५ कुठून येतो ते रोज बघतो.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त मशीनला लावायचं, मशीनने काही खूण दाखवली तर स्लाइड रंगवून १०० पांढऱ्या पेशी हाताने मोजायच्या, एवढंच ते काम. ७८ आणि १२ ची जोडी न्यूमोनियात दिसते, दाढ सुजली तरी दिसते. स्टेरॉइडची गोळी घेतली तर काही तासांतच दिसते. रक्तात न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणून पहिली चौकशी हीच करा, की रक्त देण्याआधी आईंनी अंगदुखीवर कुणाकडून गोळी, पुडी किंवा इंजेक्शन घेतलं होतं का? पुडीत काय होतं हे आपल्याकडे घेणाऱ्याला क्वचितच माहीत असतं.

दुसरं, नुसते टक्के बघू नका. टोटल काउंट, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, ९,४०० असेल तर १२ टक्के म्हणजे १,१२८ लिम्फोसाइट, म्हणजे साधारण खालच्या हद्दीवर. टोटल ४,००० असेल तर तेच १२ टक्के ४८० होतात. भागाकार दोन्हीकडे ६.५ च, पण दुसरा रिपोर्ट मी लगेच उचलून पॅथॉलॉजिस्ट सरांच्या टेबलावर नेईन.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. मायोसायटिसमध्ये, त्यातही फुप्फुसं धरलेल्या रुग्णांत, हे गुणोत्तर जास्त आढळतं. पण ती सरासरी झाली. अमुक आकड्याच्या वर आजार, खाली नाही, अशी सगळ्यांनी मान्य केलेली रेघ नाही.

स्नायूंबद्दल खरं बोलतं ते सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम. मागे दिंडोरीकडच्या एक बाई यायच्या. एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम) १८०, म्हणून कुठेतरी कावीळ समजून तीन महिने पथ्यपाणी चाललेलं. बिलिरुबिन मात्र दरवेळी नॉर्मल. रक्त देऊन झालं की टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उठायच्या. बोटांच्या कडा भेगाळलेल्या, काळपट. द्राक्षाच्या बागेत काम, त्यामुळे फवारणीचं औषध बाधलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. एका फिजिशियनने सीपीके लिहून दिला तेव्हा आकडा ६,४०० निघाला, नॉर्मल साधारण २०० च्या आत असतो. एसजीओटी, एसजीपीटी स्नायूंतूनही येतात, हे लिव्हरच्या रिपोर्टवर कुठे छापलेलं नसतं. पुढे त्यांची अँटी-जेओ-१ ही मायोसायटिसमधली अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली. तशी बोटं त्या प्रकारच्या मायोसायटिसची खूण असू शकते. सीबीसी मात्र अगदी सरळ होता.

उलटंही होतं. अँटी-एमडीए५ नावाच्या अँटीबॉडीच्या प्रकारात सीपीके जवळजवळ नॉर्मल असू शकतो, लिम्फोसाइट कमी, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) जास्त, आणि फुप्फुसं काही आठवड्यांत बिघडू शकतात. पेशींच्या आकड्याला खरा भाव इथे आहे. आईंच्या पापण्यांवर जांभळट लाली किंवा बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे असतील, कोरडा खोकला असेल, रामकुंडाच्या पायऱ्या चढताना पाय थकण्याआधी दम लागत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करा. छातीचा सीटी लागेल.

बायोप्सीचं म्हणाल तर अँटीबॉडी पॅनेल आणि त्वचेच्या खुणा स्पष्ट असल्या तर कधी कधी ती टळते. ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांधे-स्नायूंच्या अशा आजारांचे डॉक्टर) ठरवतील, ६.५ नाही ठरवणार. मात्र नेमका कोणता मायोसायटिस हे कळायला हवं. इन्क्लूजन बॉडी प्रकारात स्टेरॉइडचा उपयोग सहसा होत नाही, आणि तो बहुधा तुकडा बघूनच कळतो.

डॉक्टरांकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेने लावून न्या. आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी घरात कुठे पडली असेल तर तीही न्या. आणि स्टेरॉइड चालू असेल तर रिपोर्ट चांगला यावा म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.