सातपुड्यात खरंच बर्फ होतो का? पोरांना दाखवायला कधी न्यावं?

तुम्ही विचारलंय की पेपरात फोटो येतात तसा तोरणमाळ, डाबकडे खरंच बर्फ होतो का आणि सातवीच्या पोरांना दाखवायला कधी न्यावं. होतो. वरून पडत नाही, गवतावरचं दव जागीच गोठतं, नाहीतर हवेतली वाफच गवतावर थेट गोठते.

मी डाबच्या बाजूला आश्रमशाळेत विज्ञान शिकवायचो. एका जानेवारीत उजाडायच्या आत सातवीतली एक पोरगी खोलीशी आली, मुठीत गवत, पात्यांच्या कडांना पांढरे बारीक काटे, म्हणे सर बर्फ! सगळ्यांनी बाहेर जाऊन बघितलं, वहीत लिहिलं. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली, म्हणाले, त्या दिवशी तापमान 4 अंश होतं मग बर्फ कुठून आला, पोरं मनचं लिहितात आणि तुम्ही खपवून घेता. भर वर्गात, त्या पोरीसमोर. मला ते अजून सलतं.

अहो, ते 4 अंश हवेचं, हवामान केंद्राच्या छातीएवढ्या उंचीवरच्या पेटीतलं. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, गवत त्या हवेपेक्षा चार-पाच अंश गार होतं. पुढच्या थंडीत पोरांनी एक थर्मामीटर व्हरांड्याच्या खांबाला बांधला, एक गवतात ठेवला, वर 4 आणि खाली शून्याच्या खाली 1. कडब्यावर थाळीत जेमतेम पाणी ठेवलेलं, त्यात कडेकडून बर्फाच्या सुया आत सरकलेल्या. कडबा जमिनीची ऊब वर येऊ देत नाही ना. 18व्या शतकात अलाहाबादला मक्याच्या वाळल्या ताटांवर उथळ मातीची भांडी ठेवून असाच बर्फ करायचे, रॉबर्ट बार्कर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1775 साली ते लिहून ठेवलंय. हे सगळं साहेबांना लिहून पाठवलं, उत्तर आलं नाही.

तर डिसेंबरअखेर ते जानेवारी, उत्तरेचं वारं येऊन थांबलं की मुक्कामीच जा, सहाला पोरं बाहेर पाहिजेत. दहाला बस नेऊन सेल्फी काढणार असाल तर नेऊच नका, तोवर सगळं पाणी झालेलं असतं. टेकडीवर नाही, खोलगट जागी बघा, गार हवा जड असते, तिथंच साचते. आणि मोबाईलमधलं तापमान दाखवून कुठल्या पोराला गप्प करू नका, थर्मामीटर गवतात ठेवायला सांगा.

हां, ढग आले तर काहीच दिसणार नाही, एखाद्या वर्षी होतही नाही, हे पोरांना आधीच सांगा. घाटात रात्रीची गाडी नको.